मित्रांची हौशी रेसिंग टीम आणि रविवारच्या भटकंत्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातले सहा मित्र. एक जुनी मारुती एस्टीम, भाड्याची एक शेड आणि हिशेबाची एक वही, एवढी आमची मालमत्ता. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, पेट्रोल पंपावर तेच तेच प्रश्न येतात म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून काढली. आमच्यात चॅम्पियन कुणी नाही. त्यामुळे जिंकायचं कसं, हे इथे सापडणार नाही.

टीम म्हणजे नेमकं काय लागतं? पाच मित्र आणि एक गाडी, झाली टीम?

नाही. पाच जणांनाही गाडी चालवायचीच असेल तर ती टीम नव्हे, रांग. एकाला चालवायचं असतं, एकाला बॉनेटखाली डोकं घालायला आवडतं, एक जण फॉर्म भरतो, तारखा लक्षात ठेवतो आणि पैसे मागताना लाजत नाही. हा शेवटचा माणूस आधी शोधा. चालवणारे ढिगाने मिळतात. आमच्या सहांपैकी दोघंच नियमित स्पर्धेत चालवतात. एक जण पाच वर्षांत एकदाही हेल्मेट घालून बसलेला नाही, आणि तो सोडून गेला तर टीम दुसऱ्या दिवशी बंद पडेल.

घाटात पहाटे रस्ता रिकामा असतो. तिथे सराव केला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर एकच आहे: नाही. मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत.

पण कायदा बाजूला ठेवा. रिकामा रस्ता म्हणजे वळणापलीकडे दुधाची गाडी, म्हैस किंवा सायकलवरून शाळेत निघालेलं पोर. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, आणि उतारावर त्याहून जास्त. ज्याला घाटात मजा येते त्याला ट्रॅकवर एकदा घेऊन जा. आमच्यातला एक असाच होता. दुसऱ्या फेरीला समोरून कुणी येणार नाही याची खात्री पटली, तेव्हा त्याला कळलं की घाटात आपण अर्ध्या लक्षाने चालवत होतो. उरलेलं अर्धं लक्ष भीतीकडे होतं.

मग पळवायची कुठे? महाराष्ट्रात तर ट्रॅक नाहीत.

मोठ्या शर्यतींसाठी आपल्याला दक्षिणेत किंवा दिल्लीकडे जावं लागतं, हे खरं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा आहे. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, दोन किलोमीटरच्या थोडा वर. लहान आणि अरुंद, पण नवख्याला फार शिकवतो. नाव एस. करिवर्धन यांच्यावरून. याच माणसाने मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या तयार केल्या आणि आपल्याकडे शर्यत थोडी स्वस्त केली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. तिथे ट्रॅक डे (फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायला मिळते तो दिवस) असला तर जरूर जा, पण पाच किलोमीटरच्या त्या ट्रॅकवरच्या लांब सरळीत एस्टीम चालवताना बैलगाडीची आठवण होते.

घराजवळ करण्यासारखंही बरंच आहे. ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या मैदानात कोन लावून आखलेला रस्ता, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत. वेग फारसा नसतो, उलटण्याची भीती कमी आणि शिकायला भरपूर. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत होते. सरळ रेषेत पळायचं असल्याने चालवणाऱ्यापेक्षा इंजिनवाल्यांचा तो सण. नाशिकच्या वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनची रॅली ऑफ महाराष्ट्र ही खरीखुरी रॅली. आणि टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली, जिचं उत्तर खाली वेगळं दिलं आहे, कारण बहुतेकांनी सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.

अगदी शून्यापासून सुरुवात कुठे करू?

दोन गोष्टी करा, दोन्ही स्वस्त आहेत. कार्टिंग करा. मॉलच्या गच्चीवरचं नाही, जिथे वेळ मोजतात असा ट्रॅक गाठा. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा आहे. कोल्हापूरच्या मातीत कुस्तीइतकंच पेट्रोल मुरलेलं आहे, तिथून राष्ट्रीय पातळीवरचे चालक निघाले आहेत.

दुसरं म्हणजे एखाद्या रॅलीला मार्शल म्हणून जा. आयोजकांना स्वयंसेवक कायम कमी पडतात. दिवसभर उन्हात उभं राहून, हातात झेंडा आणि वही घेऊन जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत नसतं. कुठली गाडी दरवेळी त्याच वळणावर घसरते, कोण आल्या आल्या टायरला हात लावून बघतो, कोण आधी आरशात केस बघतो.

कोणती गाडी घ्यावी?

ज्या गाडीचे सुटे भाग तुमच्या गल्लीतल्या दुकानात मिळतात ती. म्हणूनच एस्टीम इतकी वर्षं टिकली: हलकी, १.३ लिटरचं सोशीक इंजिन, आणि तिला डोळे मिटून उघडणारे मिस्त्री गावोगाव आहेत. जुनी होंडा सिटी पळते छान, पण तिचे चांगले नग आता हौशी लोकांनी दाबून ठेवले आहेत. स्विफ्ट आणि पोलो सोप्या पडतात.

घेताना रंग बघू नका. गाडी लिफ्टवर चढवा आणि खालून बघा. पत्रा कुजला असेल, चॅसिसला जोड असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. इंजिन बदलता येतं, कुजलेली बॉडी नाही. आरसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि थकलेले चलन आधी तपासा. आम्ही चलन तपासले नव्हते. आधीच्या मालकाने सिग्नलशी जुनं वैर धरलेलं होतं, ते आम्ही फेडलं.

रोजची गाडी नेली तर चालेल ना?

ऑटोक्रॉस, टीएसडी आणि काही ट्रॅक डेजना चालते. पण विम्याचा कागद एकदा वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर ठोकली तर खर्च तुमचा. टीएसडीमध्ये वेग कमी असला तरी शेवटचा शब्द तिथेही लागू होऊ शकतो, म्हणून भाग घेण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. ज्या गाडीचा हप्ता चालू आहे ती ट्रॅकवर नेऊ नये, असं आमच्या खजिनदाराचं ठाम मत आहे. बहुधा बायकोचंही.

गाडीत आधी काय बदलायचं? एक्झॉस्ट?

एक्झॉस्टने फक्त शेजारी जागे होतात. पहिला खर्च ब्रेकवर, दुसरा टायरवर, तिसरा सीटवर. इंजिनला पहिलं वर्ष हात लावू नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. शहरात तेवढं तापत नाही म्हणून कळत नाही. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. हा अनुभव आयुष्यात एकदा पुरतो. ट्रॅकवर जायच्या प्रत्येक खेपेआधी नवं, सीलबंद डब्यातलं ऑइल भरा आणि ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं, नीट करा. चार रबरी पाइप बघा. पॅड चांगले घाला.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर आहेत म्हणून दहा वर्षं जुना टायर चांगला ठरत नाही; रबर कडक झालेलं असतं. थंड टायरमध्ये हवा भरली आणि विसरून गेलो, असं करू नका. पाचेक फेऱ्यांनी टायर तापतो आणि हवा चार-पाच पीएसआयने सहज चढते, म्हणून पिटमध्ये (ट्रॅकशेजारची गाडी थांबवायची जागा) आल्या आल्या मोजायची आणि वहीत लिहायची.

सीटबद्दल आमची स्वतःची फजिती सांगतो. एका गॅरेजने बकेट सीटचा ब्रॅकेट नुसत्या फ्लोअरच्या पत्र्याला वेल्ड केला, खाली जाड प्लेट दिलीच नाही. दिसायला काम झकास. सकाळच्या सत्रात उजव्या वळणावर एक कोपरा सुटला आणि आमचा गडी सीटसकट डाव्या बाजूला कलला. तो पिटमध्ये आला तो एका हाताने स्टीअरिंग आणि दुसऱ्या हाताने दार धरून. तेव्हापासून वेल्डिंग झालं की आम्ही आधी पहार घालून ते उचकटून बघतो. मिस्त्री चिडतात. चिडू देत.

रोल केज हवीच का?

रोल केज म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा. चाकाला चाक लावून शर्यत करायची असेल किंवा रॅलीत उतरायचं असेल तर हवीच, आणि ती नियमपुस्तकात लिहिलेल्या जाडीच्या सीमलेस पाइपचीच. पण केज असलेली गाडी रोज रस्त्यावर वापरू नका. हेल्मेट नसताना साध्या धडकेतही डोकं पाइपवर आपटतं. जी वस्तू ट्रॅकवर जीव वाचवते ती रस्त्यावर घेऊ शकते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल केला की कलम ५२ आडवं येतं.

बाइकचं हेल्मेट चालेल?

छोट्या ऑटोक्रॉसला काही आयोजक चालवून घेतात. ट्रॅकवर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए दर्जाचं मागतात. एसए गाड्यांसाठी, एम मोटरसायकलसाठी. एसएच्या आतलं अस्तर आगीला तोंड देणारं असतं आणि केजवर पुन्हा पुन्हा आपटणं धरून त्याची चाचणी होते. जुनं हेल्मेट कुणाकडून घेऊ नका, ते कधी पडलं ते विकणारा सांगत नाही.

लायसन्स वेगळं लागतं?

हो. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांचा महासंघ, स्पर्धेचं लायसन्स देतो. अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रक्तगट, वर्षाची फी. अठरा वर्षांखालच्यांना पालकांची संमती. फी आणि नियम दर वर्षी त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, कुणी पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका. आपण भाग घेतोय ती स्पर्धा या महासंघाच्या परवानगीची आहे ना, हेही विचारा. परवानगी नसलेल्या ठिकाणी अँब्युलन्स दिसत नाही, तिथून परत फिरा.

खर्च किती येतो? आणि पैशावरून भांडणं होत नाहीत?

होतात. आमची पहिली टीम त्यावरूनच फुटली. गाडी पंच्याऐंशी हजारांची होती, भांडण अकराशे रुपयांच्या क्लच केबलवरून झालं.

गाडीची किंमत हा खर्चाचा सगळ्यात लहान भाग समजा. आमची ट्रॅकलायक होईपर्यंत तिच्या किमतीच्या अडीच पट पैसे गेले, त्यात सीट, बेल्ट, केज, फायर एक्स्टिंग्विशर आणि ब्रेक हेच मोठे आकडे. त्यानंतर दर स्पर्धेला टायर, पॅड, एन्ट्री फी, वाहतूक, मुक्काम.

आता आमचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. दर महिन्याला ठरलेली वर्गणी, गाडी चालो वा न चालो. शेड, ऑइल, वाहतूक हे समान वाटून. टायर, पॅड आणि एन्ट्री फी ज्याने चालवलं त्याची. आपटली तर पहिला ठरावीक आकडा चालवणाऱ्याचा, वरचा सगळ्यांचा. हा आकडा गाडी धड असतानाच ठरवायचा, पत्रा चेपल्यावर नाही. कुणी सोडून गेला तर त्याचा हिस्सा त्या दिवशीच्या बाजारभावाने, घेतलेल्या किमतीने नाही. आणि आरसीवर नाव एकाचंच असल्याने एक साधा करारनामा नोटरी करून ठेवायचा. मित्रांमध्ये कसला करारनामा, असं म्हणणारा माणूस टीममध्ये घेऊ नका.

गाडी चेन्नईपर्यंत न्यायची कशी?

पुण्याहून जवळपास बाराशे किलोमीटर. चालवत नेली तर परत आणायला गाडी धड राहीलच असं नाही. फ्लॅटबेड महाग पडतो, म्हणून दोन-तीन टीम मिळून एक कंटेनर ठरवा. सामानात जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच, स्टेपनी, कूलंट, केबल टाय आणि डक्ट टेप. टेपने आमचा बंपर सलग दोन फेऱ्या टिकवला आहे.

ट्रॅकवरचा पहिला दिवस कसा असतो?

बराचसा वाट बघण्याचा. पहाटे कागदपत्रं, मग गाडीची तपासणी. तपासनीस बॅटरी हाताने हलवून बघतो, ती हलली की तुम्ही बाहेर. मग ड्रायव्हर्स ब्रीफिंग, जिथे झेंडे सांगतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सत्र थांबलं. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर ऑइल किंवा घसरण. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा नंबर दिसला तर गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये या. नवखा माणूस यातला पहिला झेंडा हमखास चुकवतो, कारण त्याची नजर बॉनेटच्या टोकावर खिळलेली असते. नजर पुढच्या वळणावर ठेवायला शिकणं, पहिल्या दिवशी एवढंच जमलं तरी पुष्कळ.

वीस मिनिटांच्या सत्रात शेवटची फेरी सावकाश मारायची, ब्रेक न दाबता, म्हणजे वारा लागून ते थंड होतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला दगड लावायचा. सवयीने हात जातोच. आमच्याकडे हँडब्रेकवर चक्क मोजा चढवून ठेवलेला असतो.

टीएसडी रॅली म्हणजे काय? त्यात वेग नाही, मग मजा काय?

चालू रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, दिलेला सरासरी वेग अचूक राखायचा. हातात रोडबुक असतं: बाण, अंतर आणि खुणा. लपलेल्या चौक्यांवर तुमची वेळ टिपतात. उशीर झाला तर दंड आणि लवकर पोचलात तरी दंड, बऱ्याच ठिकाणी लवकरचा दुप्पट. म्हणजे पळणारा हरतो.

खरी लढाई डाव्या सीटवर, नॅव्हिगेटरची असते. सरासरी ३० दिली तर किलोमीटरला दोन मिनिटं, हे सोपं. ३६ दिली तर शंभर सेकंद, तेही ठीक. पण ३८ दिली, मध्ये रेल्वे फाटक लागलं आणि तुमचं ओडोमीटर आयोजकांपेक्षा तीन टक्के जास्त दाखवत असलं की खरी गंमत. म्हणून सुरुवातीच्या मोजमापाच्या टप्प्यात त्यांचे १० किलोमीटर आपल्याकडे किती दिसतात ते लिहून घ्यायचं आणि पुढचं प्रत्येक अंतर त्या हिशेबाने काढायचं. आमच्या नॅव्हिगेटरला गाडी चालवता येत नाही. ती सीए आहे. आमच्या घरातला एकमेव चषक तिच्यामुळे आला.

बायका-मुलींना यात जागा आहे का?

वेगळी जागा करायची गरज नाही, तीच गाडी आणि तेच घड्याळ. पुण्याच्या डायना पंडोले २०२४ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत सलून गटात पुरुषांशी लढून पहिल्या आल्या. अशी राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दोन मुलांची आई आहेत. फक्त महिलांची रॅली हवी असेल तर मुंबईहून आंबी व्हॅलीला जाणारी विमेन्स रॅली टू द व्हॅली आहे.

स्पॉन्सर मिळेल?

टायरवाला दोन टायर उधार देईल. त्याचा स्टिकर दारावर लावा.

रविवारच्या भटकंत्यांचं काय? त्या रेसिंगमध्ये कशा बसतात?

बसत नाहीत. वर्षातले ट्रॅकचे दिवस जेमतेम चार-सहा असतात. मधल्या काळात टीम फक्त वर्गणीच्या मेसेजवर जगत नाही, म्हणून महिन्यातून एकदा आपापल्या साध्या गाड्या घेऊन निघायचं. घरचे, पोरं, डबे सगळे बरोबर.

पाचला निघून वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी, दुपारी परत. किंवा मुळशीवरून ताम्हिणी उतरून माणगाव. जुलै-ऑगस्टच्या रविवारी मात्र ताम्हिणीकडे फिरकू नका. धबधब्यापाशी गाड्यांची रांग आणि गाण्यांचा कलकलाट. त्यापेक्षा मंगळवारी रजा टाका. भोरवरून वरंध सुंदर आहे, पण पावसाळ्यात दरड कोसळून तो बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा. लांबचं करायचं तर कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट उतरून कोकण, येताना आंबोली.

नियम थोडेच. पुढची गाडी सगळ्यात शांत माणसाची. शेपटीची गाडी मिस्त्रीची, हत्यारं तिच्यात. आपल्या मागची गाडी आरशात ठेवणं ही प्रत्येकाची जबाबदारी; फाट्यावर वळण्याआधी मागचा दिसेपर्यंत थांबायचं. एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही आणि कुणाला गाठायला पळावंही लागत नाही. आपल्या आपल्यात ओव्हरटेक नाही. घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं. ज्याला राहवत नाही त्याला पुढच्या खेपेला ड्रायव्हर सीट नाही, मुलांसोबत मागे.

आणि मिसळ आधी, घाट नंतर. उलट केलं तर मागच्या सीटवरची पोरं तुम्हाला कारण दाखवतील.

आम्ही अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहोत. तिथे?

तुमची चैन आहे. अमेरिकेत ‘ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची भंगार गाड्यांची तासन्‌तास चालणारी शर्यत २००६ पासून होते: गाडी ५०० डॉलरच्या आतली, सुरक्षेचा खर्च त्यात धरत नाहीत, आणि चुकलं की शिक्षाही विनोदी. गाडी सजवून आणायची प्रथा आहे, म्हणजे गणपतीच्या देखाव्याचा अनुभव कामी येईल. इंग्लंडमध्ये छोट्या सिट्रोएन सी१ गाड्यांची चोवीस तासांची शर्यत मित्रमंडळी वाटून चालवतात. एक गाडी, अनेक चालक हा प्रकार आपल्याकडेही रुजावा, अशी आमची फार इच्छा आहे.

घरच्यांना कसं पटवलंत?

आईला एकदा ट्रॅकवर नेलं. तिने दिवसभर बघितलं आणि संध्याकाळी एवढंच म्हणाली, “तुमच्या ऑफिसच्या रस्त्यापेक्षा बरं आहे, इथे सगळे एकाच दिशेने जातात.”

टीमचं नाव काय ठेवावं?

याच्यावर वेळ घालवू नका. आम्ही तीन महिने घालवले आणि ठरलं नाही. पहिल्या स्पर्धेच्या फॉर्मवर नावाच्या रकान्यात खजिनदाराने घाईत “नंतर कळवतो” असं लिहिलं. दोन दिवसांनी स्टार्टिंग लाइनवर निवेदकाने माइकवरून तेच नाव पुकारलं, आणि आमचा चालक स्वतःचीच गाडी पुकारली गेली हे न कळल्याने तिथेच उभा राहिला.